गावच्या चर्चमधल्या छोट्या पाइप ऑर्गनचा इतिहास कसा काढायचा

इंग्लंडमधल्या खेड्यातल्या चर्चमध्ये गेलात की कुठेतरी कोपऱ्यात एक छोटा पाइप ऑर्गन बहुतेक वेळा दिसतोच. समोर सोनेरी नाहीतर नक्षी रंगवलेले पाइप, खाली पट्ट्या, पट्ट्यांच्या वर कंपनीची पाटी. चर्चच्या माहितीपत्रकात खिडक्यांची, थडग्यांची, घंटांची सगळी माहिती असते आणि ऑर्गनबद्दल एकच ओळ, 'व्हिक्टोरियन काळातला ऑर्गन', बास. इकडे राहणारे आपले बरेच लोक मुलांच्या शाळेमुळे, क्वायरमुळे अशा चर्चमध्ये जातात-येतात, मग कोणीतरी विचारतं की तुम्हाला पेटी वाजवता येते ना, मग बघा की जरा हा किती जुना आहे ते, तर अशांसाठी हे लिहितेय. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, 'हा कुठल्या साली बनला' हा प्रश्न घेऊन गेलात तर फसाल. बहुतेक ऑर्गनचं जुन्या वाड्यासारखं असतं, पुढचा भाग एका पिढीचा, माडी दुसऱ्या पिढीची, दारं तिसरीकडून आणलेली. त्यामुळे कुठला भाग कधीचा, तो कुणी बसवला आणि का बदलला, असं विचारायचं.

सगळ्यात आधी तो खरंच पाइप ऑर्गन आहे का ते बघा. हसू नका. बालगंधर्वांच्या नाटकात साथीला जो ऑर्गन असायचा तो पायपेटीच्या जातीचा, पायाने भाता मारायचा आणि आत पितळी रीड थरथरायच्या, पाइप एकही नाही. पॅरिसच्या अलेक्सांद्र देबँने १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं आणि पुढच्या काही दशकांत ज्या चर्चला पाइप ऑर्गन परवडत नव्हता त्यांनी हार्मोनियम नाहीतर रीड ऑर्गन घेतले, आणि त्यातल्या काहींच्या डोक्यावर निव्वळ शोभेचे पाइप बसवलेले असतात जे कधीच वाजत नाहीत. बाजूने नाहीतर मागून डोकावून बघा, दर्शनी रांगेच्या मागे आणखी पाइपांच्या रांगा दिसल्या, त्यात चौकोनी लाकडी पाइप दिसले, पाइपांना खाली शिट्टीसारखं तोंड असलं तर तो पाइप ऑर्गन. दर्शनी पाइप मात्र खऱ्या पाइप ऑर्गनमध्येसुद्धा कधीकधी मुके असतात, तेवढ्यावरून काही ठरवू नका.

मग परवानगी. चर्चची देखभाल बघणारा चर्चवॉर्डन, व्हिकर म्हणजे तिथला पाद्री आणि वाजवणारा ऑर्गनिस्ट, तिघांनाही सांगून ठेवा, आणि स्वतः आत शिरू नका. हे मी अगदी हात जोडून सांगते. पाइप कथील आणि शिशाच्या मिश्रणाचे असतात, मऊ, बोट जरा जोरात लागलं तरी पोचा येतो, हाताच्या उबेनेसुद्धा सूर चढतो, आणि जुन्या शिशावरची पांढरी भुकटी पोटात जाणं बरं नाही. वर्षातून एकदोनदा पाइपांचा सूर लावणारा ट्यूनर येतोच, त्या दिवशी हजर राहा, त्याच्यासाठी पट्ट्या दाबून धरायला माणूस लागतोच, तुम्ही बसा. पाइप तो काढेल, फोटो तुम्ही काढा. एका दिवसात जेवढं कळतं तेवढं महिनाभर पुस्तकं चाळून कळत नाही.

ट्यूनर यायच्या आधी बाहेरून दिसतं ते सगळं लिहून काढा. पाटीपासून सुरुवात करा पण पाटीवर विश्वास ठेवू नका. ज्याने शेवटची मोठी दुरुस्ती केली तोसुद्धा आपली पाटी लावून जायचा आणि जुनी पाटी फेकून द्यायचा किंवा खिशात घालायचा. म्हणजे पाटीवर अमुक कंपनी असेल तर एवढंच सिद्ध होतं की त्या कंपनीचा माणूस स्क्रू ड्रायव्हर घेऊन इथे आला होता. पाटीवरचा पत्ता मात्र कामाचा, कारण कंपन्या जागा बदलायच्या, उदाहरणार्थ हॅरिसन अँड हॅरिसन १८६१ मध्ये रॉचडेलला सुरू झाली आणि १८७२ मध्ये डरहॅमला गेली, म्हणजे नुसत्या पत्त्यावरूनही काळाची एक बाजू बंद करता येते.

मग पट्ट्या मोजा. हे आपल्या पेटीवाल्यांना लगेच जमतं. जुने इंग्लिश ऑर्गन खाली 'सी'वर थांबत नसत, आणखी खाली 'जी'पर्यंत जायचे, कारण पायातले पेडल नव्हतेच किंवा नावापुरते होते, मग खर्ज हातानेच वाजवायचा. १८४० च्या दशकात विल्यम हिल हा ऑर्गन बनवणारा आणि हेन्री गॉन्टलेट हा ऑर्गनिस्ट या दोघांनी जर्मन पद्धत रेटली, म्हणजे पट्ट्या 'सी'पासून आणि खर्ज पायात, आणि हळूहळू सगळीकडे तेच झालं. म्हणून खालची शेवटची पट्टी 'जी' असेल तर लक्ष द्या, जुनं काहीतरी हाताला लागलंय. ५४ नाहीतर ५६ पट्ट्या म्हणजे साधारण व्हिक्टोरियन, ६१ असतील तर एकतर नंतरचा किंवा नंतर वाढवलेला. पेडल दीडच सप्तकाचे, सरळ आणि सपाट असतील तर जुने, ३० पेडल पंख्यासारखे पसरलेले असतील तर नंतरचे. स्वेल, म्हणजे झडपांच्या खोक्यात बंद केलेले पाइप, याची सुरुवात लंडनच्या सेंट मॅग्नस चर्चमध्ये अब्राहम जॉर्डनने १७१२ मध्ये केली. झडपा उघडायला उजव्या कडेला एक खाचेत अडकवायचा लोखंडी पाय असेल तर ती जुनी व्यवस्था, आणि मधोमध बुटाएवढं पेडल असेल तर ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं किंवा त्यानंतरचं काम. यातलं कुठलंही एक लक्षण एकट्याने काही सिद्ध करत नाही, पण चार लक्षणं एकच काळ सांगत असली आणि पाचवं वेगळं असलं तर ते पाचवं म्हणजे नंतरचा बदल, आणि तिथेच गोष्ट सुरू होते.

आता स्टॉपचे दट्टे. स्टॉप म्हणजे एका जातीच्या आवाजाच्या पाइपांचा संच, त्याचा दट्टा ओढला की तो वाजायला लागतो. प्रत्येकावर नाव आणि आकडा असतो, ८ म्हणजे त्या स्टॉपचा खालचा 'सी' पाइप साधारण ८ फूट लांब, ४ म्हणजे एक सप्तक वर, २ म्हणजे दोन सप्तकं वर, १६ म्हणजे खर्ज. वरचं टोक बंद केलेला लाकडी पाइप अर्ध्या लांबीत तोच सूर देतो म्हणून छोट्या चर्चमध्ये 'स्टॉप्ड डायपेसन' हमखास सापडतो, जागाही वाचते आणि पैसाही. सगळ्या दट्ट्यांचे जवळून फोटो घ्या आणि अक्षरं एकमेकांशी ताडून बघा. सात दट्ट्यांवर एकाच हाताची अक्षरं आणि आठव्यावर वेगळी, तर तो आठवा नंतर आलाय. बहुतेक वेळा तो आठवा कोण असतो तेही सांगते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मऊ, गदगदलेल्या आवाजाची फॅशन आली, तेव्हा 'फिफ्टीन्थ' नाहीतर 'मिक्श्चर' यासारखे तीक्ष्ण स्टॉप काढून त्यांच्या जागी 'व्हॉक्स अँजेलिका' आणि 'सेलेस्ट' बसवले, आणि १९६० नंतर बरोबर उलटं वारं आलं, मऊ काढा आणि चमकदार घाला. दोन्ही वेळेला करणाऱ्यांना वाटत होतं की आपण सुधारणा करतोय. मला विचाराल तर खेड्यातले जे ऑर्गन पैशाअभावी या दोन्ही लाटांतून सुटले तेच आज जास्त गोड वाजतात, पण हे माझं मत झालं.

हवेची व्यवस्थाही बघा. आता इलेक्ट्रिक ब्लोअर असतो पण बाजूला कुठेतरी लाकडी दांडा किंवा दांड्याची खाच राहिलेली असते, तिथे गावातलं एखादं पोरगं भाता मारायला बसायचं. त्याच्या डोळ्यासमोर दोरीला बांधलेलं एक शिशाचं वजन असायचं, भात्यात हवा किती उरलीय ते दाखवणारं. आणि पोरं ती पोरंच, प्रवचन चालू असताना चाकूने लाकडावर आपलं नाव आणि साल कोरायची. हे कोरीवकाम म्हणजे पुरावाच आहे, टॉर्च तिरका धरून फोटो काढा म्हणजे अक्षरं उठून दिसतात. त्या सालाच्या आधी ऑर्गन, निदान त्याचं ते लाकूड, अस्तित्वात होतं एवढं पक्कं.

ट्यूनर आला की खरी मजा. त्याला सांगा प्रत्येक रांगेतला सगळ्यात खालचा 'सी' पाइप आधी दाखव. त्यावर बनवणाऱ्याने स्टॉपचं नाव धातूत खरवडून लिहिलेलं असतं आणि ते नाव दट्ट्यावरच्या नावाशी जुळतंच असं नाही. दट्ट्यावर 'डल्सियाना' आणि पाइपवर दुसरंच काही खरवडलेलं, तर ते पाइप दुसरीकडून आणलेत किंवा कापून सरकवलेत. पाइपांच्या वरच्या कडा बघा, जुन्या पाइपांचा सूर शंकूच्या आकाराच्या हत्याराने कडा आत-बाहेर दाबून लावायचे, वर सरकणारी धातूची पट्टी असेल तर ती नंतरची सोय. पाइप ज्या फळीच्या भोकांत उभे असतात त्या फळीवर रिकामी भोकं आहेत का बघा, तिथला एखादा स्टॉप गेलाय. धातू कुठला तेही विचारा, जस्ताचे मोठे पाइप म्हणजे एकोणिसावं शतक किंवा पुढे. लाकडी पाइपांवर शाईतलं हस्ताक्षर, भात्याच्या आतून चिकटवलेले वर्तमानपत्राचे तुकडे, पट्ट्यांच्या खाली पेन्सिलीने टाकलेली सही आणि तारीख, सुताराने फळीच्या मागे लिहिलेलं गावाचं नाव, हे सगळं टिपा. गावाचं नाव दुसरंच निघालं तर दचकू नका, उलट खूश व्हा.

कारण छोट्या चर्चमधले कितीतरी ऑर्गन सेकंड हँड असतात. मोठ्या चर्चने नवा घेतला की जुना खेड्यात जायचा, जमीनदाराच्या हवेलीतला चर्चमध्ये, बंद पडलेल्या चॅपलमधला शेजारच्या गावात. सफक परगण्यातल्या फ्रॅमलिंगहॅमच्या चर्चमधला ऑर्गन थॉमस थामारने १६७४ मध्ये बनवला पण तो केंब्रिजच्या पेंब्रोक कॉलेजसाठी, फ्रॅमलिंगहॅमला तो १७०८ मध्ये आला, आणि त्याचा लाकडी सांगाडा तर १६७४ च्याही आधीचा मानतात. वेल्समध्ये ओल्ड रॅडनरला याच्याही पुढचं उदाहरण आहे, तिथला सांगाडा सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा, ब्रिटनमधला सगळ्यात जुना समजला जातो, पण आतला ऑर्गन १८७२ चा, वॉकर कंपनीचा, फ्रेडरिक सटन नावाच्या पाद्र्याने जुन्या सांगाड्याची डागडुजी करून घेतली तेव्हा आत बसवलेला. आता कुणी विचारलं की ओल्ड रॅडनरचा ऑर्गन किती जुना, तर काय सांगणार? दोन्ही सांगायचं. इतकं जुनं फार कमी सापडतं त्याचं कारणही लक्षात ठेवा, १६४४ मध्ये यादवी चालू असताना पार्लमेंटने चर्चमधले ऑर्गन काढून टाकायचा हुकूम काढला आणि १६६० मध्ये राजा परत येईपर्यंत जे मोडायचं ते मोडून झालं होतं. त्यामुळे कुणी छातीठोकपणे सांगितलं की आमचा ऑर्गन त्याच्या आधीपासून इथेच आहे, तर मान डोलवा आणि पुरावा मागा.

तसं बघितलं तर खेड्यातल्या बऱ्याच चर्चमध्ये १८४० पर्यंत ऑर्गनच नव्हता. मागच्या गॅलरीत गावकऱ्यांचं बँड असायचं, व्हायोलिन, बासून, क्लॅरिनेट, नाहीतर हँडल फिरवून ठरलेली भजनं वाजवणारा बॅरल ऑर्गन. मग व्हिक्टोरियन पाद्र्यांना हे गावठी वाटायला लागलं, गॅलऱ्या पाडल्या, क्वायरला पांढरे झगे घालून पुढे बसवलं आणि तिथे छोटा ऑर्गन हवा झाला. विल्टशरमधल्या अप्टन स्कुडामोरचे रेक्टर जॉन बॅरन यांनी तर १८५८ मध्ये खेड्यातल्या चर्चसाठी साधा, स्वस्त, छोटा ऑर्गन कसा असावा यावर पुस्तकच काढलं, तसले ऑर्गन आधी जवळच्या वॉर्मिन्स्टरच्या नेल्सन हॉलने आणि मग हेन्री विलिसने बनवले, त्यांना अजूनही स्कुडामोर ऑर्गनच म्हणतात. एक-दोन स्टॉपचा, एकाच पट्ट्यांच्या रांगेचा चिमुकला व्हिक्टोरियन ऑर्गन दिसला तर ही शक्यता तपासा.

आता कागद. सुरुवात नॅशनल पाइप ऑर्गन रजिस्टरपासून करा, लोक त्याला एनपीओआर म्हणतात, ऑनलाइन आणि फुकट आहे, गावाच्या नावाने शोधलं की त्या चर्चमधल्या ऑर्गनच्या वेगवेगळ्या वेळच्या नोंदी येतात, स्टॉपच्या याद्यांसकट. दोन नोंदी शेजारी ठेवून काय गेलं आणि काय आलं ते बघा. पण नोंद कुणीतरी एका दुपारी पाटी बघून लिहिलेली असू शकते हे विसरू नका. बऱ्याच जुन्या कंपन्यांच्या वह्या आणि हिशेब ब्रिटिश ऑर्गन अर्काइव्हमध्ये आहेत, ते बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या कॅडबरी रिसर्च लायब्ररीत ठेवलंय, आधी मेल करून वेळ घ्या. चर्चचे स्वतःचे कागद म्हणजे वेस्ट्री मिनिट्स, म्हणजे चर्चच्या सभांची इतिवृत्तं, आणि चर्चवॉर्डनचे हिशेब, ते बहुतेक काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात गेलेले असतात. हिशेबाची वही मला सगळ्यात आवडते, कारण मिनिट्समध्ये लोक बोलतात आणि हिशेबात पैसे जातात. भाता मारणाऱ्या पोराचा पगार ज्या वर्षी सुरू होतो त्या वर्षी ऑर्गन आलाय, आणि ज्या वर्षी तो बंद होऊन विजेचं बिल वाढतं त्या वर्षी ब्लोअर. चर्चमध्ये काहीही मोठं बदलायला बिशपच्या कोर्टाची परवानगी लागते, तिला फॅकल्टी म्हणतात, तिच्या कागदांत कधीकधी कंपनीचं कोटेशन आणि नकाशाही जोडलेला असतो.

जुन्या वर्तमानपत्रांसाठी ब्रिटिश न्यूजपेपर अर्काइव्ह, पैसे पडतात पण लायब्ररीत बऱ्याच ठिकाणी फुकट बघता येतं. नवा ऑर्गन सुरू झाला की स्थानिक पेपरात भली मोठी बातमी यायची, कोणी वाजवला, किती पैसे जमले, कोणत्या बाईसाहेबांनी किती दिले, आणि नशीब असेल तर स्टॉपची पूर्ण यादी. शोधताना नुसतं 'ऑर्गन' टाकू नका, ढीगभर भलतंच येईल, गावाचं नाव आणि 'ओपनिंग ऑफ द ऑर्गन' असं टाका, आणि स्पेलिंग बदलून बदलून बघा कारण स्कॅन केलेली जुनी छपाई कॉम्प्युटरला नीट वाचता येत नाही. ऑर्गन १९०० च्या आसपासचा असेल तर कार्नेगी हे नावही शोधून बघा, त्या अमेरिकन पोलादवाल्याने जगभरातल्या चर्चना ७,६०० च्या वर ऑर्गनसाठी पैसे दिले, बऱ्याचदा अर्धी रक्कम त्याची आणि अर्धी गावाने जमवायची. म्हणजे गावाने निधी जमवायला केलेल्या जत्रा, चहापार्ट्या, मैफली, सगळ्याची जाहिरात पेपरात सापडते. अमेरिकेत राहणाऱ्यांनी ऑर्गन हिस्टॉरिकल सोसायटीचा डेटाबेस बघावा, बाकी पद्धत तीच.

भारतातल्या जुन्या चर्चमधल्या ऑर्गनचं काय, असं कुणीतरी विचारणारच. आपल्याकडे युरोपियन ऑर्गन आला तो फार आधी, अकबराच्या दरबारात १५८० च्या सुमारास हाजी हबीबुल्लाने आणलेला ऑर्गन लोकांना दाखवला आणि दरबारातला इतिहासकार बदायुनी याने तो माणसाएवढं मोठं खोकं असं लिहून ठेवलाय, हबीबुल्लाला अकबराने त्याआधी गोव्यालाच पाठवलं होतं. मुंबई-पुण्याच्या ब्रिटिशकालीन चर्चमध्ये बघायचं असेल तर पाटी, पट्ट्या, पाइप हे सगळं वरच्यासारखंच, फक्त वाळवी आणि पावसाळी हवा यांनी केलेलं नुकसान वेगळं लिहा, कारण भाग बदलण्याचं कारण तिथे बऱ्याचदा आवडनिवड नसून दमट हवा असते. ब्रिटिश सरकारचा चर्चच्या कारभाराचा वेगळा विभाग होता, त्याचे कागद लंडनला ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहेत, आणि मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या दफ्तरखान्यातही चौकशी करा.

दंतकथांसाठी एक वेगळं पान ठेवा. जुन्या चर्चमध्ये गेलात की कोणीतरी आजोबा सांगणारच, हा ऑर्गन थोर संगीतकार हँडेलने वाजवलाय. हँडेल १७५९ मध्ये वारला, त्यामुळे पहिली चाळणी सोपी आहे. दुसरं आवडतं नाव फादर स्मिथ, म्हणजे नामांकित ऑर्गन बनवणारा बर्नार्ड स्मिथ, तो १७०८ मध्ये गेला. पण म्हणून प्रत्येक दंतकथा फेकून देऊ नका. वॉरिकशरमध्ये ग्रेट पॅकिंग्टनच्या चर्चमध्ये जो ऑर्गन आहे त्याचा हँडेलशी संबंध खरा आहे, आणि तो कसा सिद्ध होतो ते बघण्यासारखं आहे. हँडेलच्या 'मसाया' या प्रसिद्ध गायनरचनेचे शब्द ज्यांनी जुळवले ते चार्ल्स जेनेन्स यांना आपल्या गॉप्सल हॉल या घरासाठी ऑर्गन हवा होता, त्यांनी हँडेलला विचारलं, आणि ३० सप्टेंबर १७४९ च्या पत्रात हँडेलने सात स्टॉपची यादी लिहून पाठवली. पट्ट्यांची एकच रांग, आणि रीडचे स्टॉप मुद्दाम नाहीत, कारण ते सारखे सुरात लावावे लागतात आणि खेड्यात ते गैरसोयीचं. म्हणजे पावणेतीनशे वर्षांपूर्वीसुद्धा गावात ट्यूनर मिळण्याचीच पंचाईत. पत्रात बनवणारा म्हणून ब्रिज याचं नाव आहे, प्रत्यक्षात ऑर्गन बनवला थॉमस पार्करने. जेनेन्स १७७३ मध्ये गेले, ऑर्गन त्यांच्या नात्यातल्या एल्सफर्डच्या अर्लकडे आला आणि त्यांच्या जहागिरीतल्या चर्चमध्ये उभा राहिला. ते चर्च बांधलंय १७८९-९० मध्ये, म्हणजे आतल्या ऑर्गनपेक्षा इमारतच चाळीस वर्षांनी लहान. इथे पत्र आहे, तारीख आहे, वस्तू आहे, एका घरातून दुसरीकडे जाण्याचं कारण आहे. तुमच्या गावच्या आजोबांच्या गोष्टीत यातलं काय काय आहे ते तपासा, आणि पत्रातली यादी आणि बनलेला ऑर्गन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही, कारण कागदावर ठरलं ते सगळं बनलंच असं नसतं.

सगळं जमलं की लिहिताना साल, काय झालं आणि हे कशावरून कळलं अशी तीन रकान्यांची यादी करा. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ती नोंद 'असं म्हणतात' या खाली टाका. अंदाज असेल तर 'बहुधा' लिहा, लाज वाटून घेऊ नका. फोटोंना नावं देताना स्टॉपचं नाव आणि पाइपचा सूर दोन्ही लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी सगळे पाइप सारखेच दिसतात. एक प्रत एनपीओआरला दुरुस्तीसाठी पाठवा, एक काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसला, आणि एक छापून प्लास्टिकच्या पाकिटात घालून ऑर्गनच्या बाकाखाली ट्यूनरच्या वहीजवळ ठेवा, कारण पुढची दुरुस्ती करायला जो येईल तो आधी तिथेच हात घालतो, आणि कुठले पाइप मूळचे आहेत हे त्याला आधी कळलं तर ते काढून टाकण्याआधी तो निदान एक फोन तरी करेल.